ब्लॉकचेन शाबूत राहिली, पैसे मात्र गेले

२०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने देशभरात साठहून अधिक ठिकाणी छापे टाकले. दिल्ली, पुणे, चंदीगड, बंगळुरू, कोल्हापूर अशा नावांच्या रांगेत एक नाव आपलं होतं, नांदेड. प्रकरण गेनबिटकॉइनचं. २४ कोटींच्या आसपास किमतीचं आभासी चलन जप्त झाल्याचं सीबीआयने सांगितलं. मूळ घोटाळ्याचा आकडा तपास यंत्रणांच्या कागदांत ६,६०० कोटींचा आहे, त्यामुळे जप्तीचा आकडा ऐकून कुणाला हायसं वाटलं असेल असं नाही.

त्या आठवड्यात मी शिकवतो त्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही तर म्हणता ब्लॉकचेन हॅक होत नाही. मग हे पैसे कसे गेले?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला दोन तास लागले आणि तरी ते अर्धवट राहिलं. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यासाठी.

आधी योजना काय होती ते पाहू. २०१५ च्या सुमारास अमित भारद्वाज, त्याचा भाऊ अजय आणि त्यांच्या एजंटांनी ती उभी केली. तुम्ही बाहेरच्या एक्स्चेंजवर बिटकॉइन विकत घ्या, आमच्याकडे 'क्लाउड मायनिंग'साठी लावा, आम्ही दरमहा १० टक्के बिटकॉइनमध्येच परत देऊ, १८ महिने. म्हणजे एका बिटकॉइनचे एक पूर्णांक आठ. खाली माणसं जोडली की त्यावर वेगळं कमिशन. सुरुवातीला पैसे मिळाले, म्हणून माणसं जोडली गेली. २०१७ मध्ये नवे पैसे आटू लागले, तेव्हा परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्याच नाण्यात द्यायला सुरुवात झाली. त्याची किंमत बिटकॉइनच्या पासंगालाही पुरत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये अमित भारद्वाजला अटक झाली, पुढे जामीन मिळाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये खटला निकाली निघण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. ठिकठिकाणच्या तक्रारी एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने तपास डिसेंबर २०२३ मध्ये सीबीआयकडे दिला.

या सगळ्यात बिटकॉइनच्या जाळ्याला एक ओरखडाही उठला नाही. ज्याने ज्या दिवशी ज्या पत्त्यावर जितकं पाठवलं, ते ब्लॉकचेनने इमानदारीने नोंदवलं. आजही ते तिथे वाचता येतं. वही चोख आहे, पैसे गायब आहेत.

वही म्हणजे काय ते सांगायला मी भिशीचा दाखला देतो. आपल्या आया-बहिणींची भिशी असते, तिचा हिशेब एका खालांच्या वहीत असतो. खालांनी पान बदललं तर कळायला मार्ग नाही. आता कल्पना करा, प्रत्येक घरात त्याच वहीची प्रत आहे, दर दहा मिनिटांनी नवं पान सगळ्या प्रतींना चिकटतं, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा असा ठसा आहे की मागचं एक अक्षर बदललं तर पुढची सगळी पानं खोटी ठरतात. नवं पान लिहायचा मान मिळवायला मोठं गणित सोडवावं लागतं आणि त्यात खरी वीज जळते. बिटकॉइनची मांडणी साधारण अशी. ही वही बिघडवायची तर पानं लिहिण्याच्या एकूण ताकदीपैकी निम्म्याहून जास्त ताकद एकाच्या हातात यायला हवी. यालाच ५१ टक्के हल्ला म्हणतात.

असे हल्ले झालेले आहेत, ही पुस्तकातली भीती नाही. इथेरियम क्लासिक नावाच्या साखळीवर जानेवारी २०१९ मध्ये एकदा आणि ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीनदा हल्ला झाला. भाड्याने संगणकशक्ती घेऊन हल्लेखोरांनी मागची पानं पुन्हा लिहिली आणि एकदा खर्च केलेलं नाणं दुसऱ्यांदा खर्च केलं. साखळी जितकी लहान, तितकी ही ताकद भाड्याने मिळणं सोपं. बिटकॉइनच्या बाबतीत त्याचा खर्चच परवडत नाही. पण बिटकॉइनही आईच्या पोटातून निर्दोष जन्मलेला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्याच्या प्रोग्रामातल्या एका चुकीमुळे एका व्यवहारात १८४ अब्ज बिटकॉइन तयार झाले होते, आणि एकूण मर्यादा आहे २ कोटी १० लाखांची! काही तासांत दुरुस्ती झाली, वहीतलं ते पान फाडलं गेलं. तेव्हा हे प्रकरण मूठभर लोकांपुरतं होतं म्हणून निभावलं.

आता गेनबिटकॉइनकडे परत येऊ, कारण तांत्रिक शहाणपण कुठे कामी आलं असतं ते इथे दिसतं. बिटकॉइनच्या मायनिंगचं गणित दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, आपोआप अवघड-सोपं होतं. जगात यंत्रं वाढली की तेच यंत्र कमी बिटकॉइन काढतं. वर जुलै २०१६ मध्ये प्रत्येक ब्लॉकचं बक्षीस २५ वरून साडेबारावर आलं. ते तसं येणार हे पहिल्या दिवसापासून प्रोग्रामात लिहिलेलं होतं. मग अशा धंद्यात दरमहा ठरलेले १० टक्के, तेही बिटकॉइनमध्ये, कुणी कसं देईल? पाऊस कितीही पडो, विहिरीला दरमहा इतकंच पाणी लागेल अशी लेखी हमी देणारा माणूस आपल्या मराठवाड्यात कुणी दारात उभा करणार नाही. इथे मात्र तो स्टेजवर उभा होता, सूट घालून.

आणि एमकॅप? ज्या नाण्याची वही, छापखाना आणि बाजार एकाच टोळीच्या हातात, तिथे ५१ टक्के हल्ल्याची वाट कशाला पाहायची? तिथे पहिल्या दिवसापासून १०० टक्के ताबा होता. कुठलंही नवं नाणं समोर आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतो: या वहीच्या प्रती किती जणांकडे आहेत, आणि उद्या नवीन नाणी छापायचं बटण कुणाच्या हातात आहे? उत्तर मिळत नसेल तर तेच उत्तर समजा.

मोठ्या चोऱ्या आता चावीच्या होतात. ब्लॉकचेनवरचा पैसा खासगी चावीने हलतो. चावी म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. ती ज्याच्याकडे, पैसा त्याचा, बँक मॅनेजरकडे जाऊन सही जुळत नाही म्हणून भांडायची सोय नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. तिथे एक चावी नव्हती, सहा होत्या. पाच कंपनीच्या, एक बाहेरच्या सुरक्षा कंपनीची, आणि पैसे हलवायला त्यातल्या चारांची मंजुरी लागायची. कुलूप चांगलं होतं. कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलं एक आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्यावर. सुरक्षा कंपनीने आपल्याकडे दोष असल्याचं नाकारलं. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईच्या बायबिटमधून दीड अब्ज डॉलर गेले, तिथेही सही करणाऱ्यांच्या पडद्यावर खोटं चित्र होतं. न वाचता कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा देणाऱ्या आपल्या आजोबांना आपण हसायचो. आता शिकलेली माणसं तेच करतात, फक्त अंगठा फिंगरप्रिंट सेन्सरवर असतो.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या, लातुरात भाड्याच्या खोलीत राहून कोडिंगचे कोर्स करणाऱ्या मुला-मुलींनी पुढचा भाग नीट वाचावा. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजच्या स्वतःच्या खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांचे पैसे सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं. बंगळुरू पोलिसांनी ज्याला अटक केली तो कंपनीचाच एक इंजिनिअर होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरची पार्टटाइम कामं घेत होता आणि त्या कामाच्या फायलींतून लॅपटॉपमध्ये घुसखोरी झाली. त्याचा दोष किती, हे न्यायालय ठरवेल. २०२२ मध्ये रोनिन नावाच्या साखळीचे साठ कोटींहून अधिक डॉलर गेले, तेव्हाही बातमी अशी होती की एका इंजिनिअरला खोट्या नोकरीचं ऑफर लेटर आलं आणि त्याने ती पीडीएफ उघडली. तिथे नऊपैकी पाच चाव्या मिळाल्या की काम फत्ते होतं, आणि पाच मिळाल्या.

याचा अर्थ या हल्ल्यांचा दरवाजा बेरोजगारी आहे. ज्याला पाच मुलाखतींत नाव ऐकूनच पुढचा प्रश्न बदललेला जाणवलाय, त्याला लिंक्डइनवर परदेशी कंपनीचा गोड मेसेज आला तर तो शहानिशा करेल का लगेच उत्तर देईल? मी त्याच्या जागी असतो तर लगेच दिलं असतं. म्हणून सांगतो. मुलाखतीआधी 'हा प्रोजेक्ट डाउनलोड करून चालवून दाखव' असं कुणी म्हणालं तर तो प्रोजेक्ट आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर चालवायचा नाही. ज्या मशीनवर कंपनीचं किंवा स्वतःच्या वॉलेटचं काम होतं, त्यावर दुसरं काहीही नको. कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर उलटा फोन करून माणूस खरा आहे का विचारा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझा मावसभाऊ लातूरला गंजगोलाईजवळ मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. त्याला एका ओळखीच्या मुलाने शिकवलं की यूएसडीटी घ्यायचे, टेलिग्रामवरच्या गिऱ्हाइकाला दोन-तीन रुपये जास्त भावाने विकायचे, पैसे यूपीआयने खात्यात. दोन महिने बरे गेले. एका सकाळी खात्यातले सगळे पैसे होल्डवर. कुठल्या तरी दूरच्या राज्यात एका म्हाताऱ्या माणसाला फसवून घेतलेले पैसे तीन खाती फिरून याच्या खात्यात आले होते. याने गुन्हा केला नव्हता, पण चोराला रोकडीतून नाण्यात नेणारा पूल मात्र हाच होता. खालांचे दवाखान्याचे पैसेही त्याच खात्यात होते. सुटायला कित्येक महिने लागले, आणि ज्याने शिकवलं तो फोन उचलत नव्हता. कुणी 'खातं आठवड्यासाठी भाड्याने दे, पाच हजार देतो' म्हणालं तर तिथे ही शंकासुद्धा उरत नाही. असं खातं देणारा विद्यार्थी आरोपी होतो. पोलीस त्याच्या दारात येतात तेव्हा त्याचं आडनावही बातमीत येतं, आणि मग त्या बातमीला कुठला रंग चढतो ते आपल्याला ठाऊक आहे.

आपल्या समाजात या विषयावर दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, हे सगळं हराम, विषय संपला. दुसरा म्हणतो, हे हलाल आहे, अमुक मुफ्तींनी पाहिलंय, लावा पैसे. फिकहची चर्चा उलेमांनी करावी, माझा तो अधिकार नाही. पण पहिल्या आवाजाने पोरांना काही शिकवलं नाही. मनाई ऐकूनही ती गेलीच, फक्त घरी न सांगता गेली, आणि बुडाल्यावरही घरी सांगता आलं नाही. दुसरा आवाज तर जास्त महाग पडला. बंगळुरूच्या आयएमएमध्ये 'व्याज नाही, हलाल नफा' या भरवशावर हजारो मुस्लिम कुटुंबांनी दागिने मोडून पैसे ठेवले, आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक दुबईला निघून गेला. केरळच्या मलप्पुरममधून चाललेल्या मॉरिस कॉइनमध्ये १,२०० कोटी अडकले. दरमहा ठरलेला परतावा म्हणजे सूद नाही तर काय, हे विचारायला कुठल्या मदरशाची सनद लागत नाही. आणि नफा ठरलेला नसेल तर तो कुठल्या धंद्यातून येतो याचा हिशेब मागणं हा मुदारबतमधला भांडवल देणाऱ्याचा हक्क आहे. हा हक्क आपण मागत नाही, कारण समोरचा मशिदीत आपल्या शेजारच्या सफमध्ये उभा असतो.

गेनबिटकॉइनसारख्या योजना याच रस्त्याने पसरल्या. साखळीची खरी कडी साडू, मेहुणा, वर्गमित्र ही होती. ज्यांनी पैसे घालवले त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतः दहा जणांना जोडलं होतं, म्हणून तक्रार करायला पोलीस ठाण्याची पायरी चढताना पाय जड झाला. तक्रारदार होऊ की आरोपी, हे कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: भोळेपणाने जोडणारा आणि कमिशनसाठी जोडणारा यांत फरक करून, भोळ्यांना निर्धास्तपणे पुढे येता येईल अशी व्यवस्था तपास यंत्रणांनी आधीच सांगायला हवी. त्याशिवाय मराठवाड्यातल्या नुकसानीचा खरा आकडा कधीच वर येणार नाही.

सरकारचंही बोलू. एप्रिल २०२२ पासून या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्याच वर्षी जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आली. यावरून पोरं म्हणतात, "सरकार टॅक्स घेतं म्हणजे लीगल आहे." कर घेणं म्हणजे हमी घेणं नव्हे. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा आहे, एक्स्चेंज बुडाली तर शून्य. वझीरएक्सच्या ग्राहकांना आपला पैसा सिंगापूरच्या न्यायालयातल्या प्रक्रियेतून परत मिळण्याची वाट पाहावी लागली, तेही वर्षाहून जास्त. देगलूर नाक्यावरच्या पोराने सिंगापूरला वकील कुठून करायचा?

आणि जप्त केलेलं नाणं तरी नीट राहतं का? पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये दोन सायबर तज्ज्ञांना अटक केली, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोप असा की याच बिटकॉइन प्रकरणांच्या तपासात मदतीला घेतल्यावर त्यांनी आरोपींच्या वॉलेटमधली नाणी वळवली. आरोपाचं काय व्हायचं ते होईल, पण जप्त चलनाची चावी एका माणसाच्या लॅपटॉपवर राहू शकते ही व्यवस्थाच चुकीची आहे. अनेक सह्यांचं वॉलेट, त्यातली एक सही न्यायालयाच्या ताब्यात, आणि पत्ता जाहीर, म्हणजे फसलेला माणूस स्वतः वहीत पाहू शकेल की आपला पैसा जागेवर आहे. तंत्र यासाठीच आहे ना?

तंत्र वाईट नाही, हे मला पुन्हा सांगायला हवं. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर ठेवल्या गेल्या, बनावट दाखले ओळखता यावेत म्हणून. चांगली गोष्ट आहे. वक्फच्या नोंदी उमीद पोर्टलवर चढवायची धावपळ सुरू झाली तेव्हा आपल्यातल्या काही उत्साही तरुणांनी म्हटलं, हे सगळं ब्लॉकचेनवर टाका, मग कुणी खाडाखोड करणार नाही. विचार चांगला आहे, पण अर्धा. ब्लॉकचेन लिहून झाल्यानंतरची खाडाखोड थांबवते, लिहितानाची नाही. निजामकाळातल्या मुंतखबावरचा उर्दू मजकूर वाचता न येणाऱ्याने सर्व्हे नंबर चुकीचा टाकला तर ती चूक दगडावर कोरली जाईल. आधी तो कागद वाचणारी माणसं हवीत. ती आपल्या गल्लीत अजून आहेत, आणि म्हातारी होत चालली आहेत. ज्या मुलाला ब्लॉकचेन येतं त्याने त्यांच्याजवळ बसावं.

ज्यांच्याकडे थोडं फार नाणं आहे आणि ते राहणारच आहे, त्यांच्यासाठी थोडं. वॉलेट उघडताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात, तेच सगळं आहे. त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करू नका. गॅलरीतल्या फोटोंमधले शब्द वाचून चोरणारी अॅप २०२५ मध्ये अधिकृत अॅप स्टोअरवरही सापडली आहेत. कागदावर लिहा. ते शब्द विचारणारा प्रत्येक जण चोर आहे, मग तो 'कस्टमर केअर' का असेना. 'अप्रूव्ह' दाबण्याआधी कुठल्या नाण्याची, किती रकमेची परवानगी मागितली आहे ते वाचा. अमर्याद परवानगी म्हणजे कोरा चेक. वापरात नसलेल्या परवानग्या काढून टाका. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा, आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे बँकेच्या हद्दीत आहेत तोवर गोठवता येतात, नाण्यात बदलून देशाबाहेर गेले की मागे फक्त वहीतली नोंद उरते. आणि 'गेलेले बिटकॉइन परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारे दुसऱ्या फेरीचे चोर आहेत.

वर्गातल्या त्या मुलाने शेवटी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो माझ्याही डोक्यात आला नव्हता. त्याचे अब्बू ट्रक चालवतात. "सर, बारा शब्द फक्त मलाच माहीत असले आणि मला काही झालं, तर वारसांचं काय?" विरासतीचे हिस्से कुराणात ठरलेले आहेत, पण चावीच हरवली तर वाटणार काय? मी त्याला म्हटलं, शब्द एका कागदावर लिही, कागद बंद लिफाफ्यात घाल, लिफाफा अम्मीच्या निकाहनाम्याबरोबर पेटीत ठेव, आणि तो काय आहे हे घरात दोघांना सांग. पुढच्या आठवड्यात त्याने येऊन सांगितलं, लिफाफा ठेवला. मात्र तो कशाचा आहे हे सांगताना आधी घरी हेही सांगावं लागलं की वर्षभरापासून तो हे करतोय, आणि त्यात अकरा हजार बुडालेत.

"मग? अब्बू काय म्हणाले?"

"काही नाही सर. म्हणाले, त्यांच्या मालकाच्या पोरानेही त्यांना एक अॅप घ्यायला लावलंय. ते बघून दे म्हणाले."